आंत्वान लाव्हाझिए : भस्माच्या वजनाचा हिशेब

पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एक जुनी सोय होती. एखाद्या संशोधकाला नवे काही गवसले आहे, पण ते जाहीर करण्याइतका पुरावा अजून हाती नाही, अशा वेळी त्याने आपले म्हणणे लिहून मोहोरबंद लखोट्यात सचिवाकडे ठेवावे. पुढे कोणी तोच दावा केला, तर लखोटा फोडून आधी कोण हे ठरवता येई. १ नोव्हेंबर १७७२ ही तारीख घातलेला असा एक लखोटा अकादमीच्या दप्तरी जमा झाला. तो ठेवणारा आंत्वान लाव्हाझिए तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. गंधक आणि फॉस्फरस जळताना त्यांचे वजन घटत नाही, उलट वाढते, आणि ही वाढ हवेचा मोठा साठा त्यांच्यात बद्ध झाल्यामुळे होते, असे त्याने त्यात नोंदवले होते. धातू भाजले असता त्यांचे वजन वाढते, त्याचे कारणही हेच असले पाहिजे, असा तर्क त्याने पुढे जोडला होता. आपण मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचे भस्म, कोळशासह तापवून पुन्हा शिसे केले आणि त्या वेळी पुष्कळ वायू बाहेर पडताना पाहिला, हा त्याचा आधार होता.

धातू उघड्या हवेत पुरेसा तापवला की त्याची चमक जाते आणि त्याची राख होते, हे लोहार, कासार आणि किमयागार शतकानुशतके पाहत आले होते. युरोपातील रसायनज्ञ तिला कॅल्क्स म्हणत. लोहभस्म, ताम्रभस्म, वंगभस्म ही नावे कानावरून गेलेल्या मराठी वाचकाला तिच्यासाठी वेगळा शब्द शोधावा लागत नाही. भस्म झाले म्हणजे काहीतरी नष्ट झाले, मूळ वस्तूपैकी उरले ते थोडके, असा आपला स्वाभाविक समज असतो. लाकूड जळल्यावर मूठभर राख उरते, हा रोजचा अनुभव त्यामागे असतो. अठराव्या शतकातील रसायनशास्त्र याच समजावर उभे होते. जर्मन वैद्य आणि रसायनज्ञ गेऑर्ग एर्न्स्ट श्टाल याने त्याला नीटस सिद्धांताचे रूप दिले होते. जळू शकणाऱ्या प्रत्येक पदार्थात फ्लॉजिस्टन नावाचे ज्वलनतत्त्व असते आणि जळताना ते निघून जाते. धातू म्हणजे भस्म अधिक फ्लॉजिस्टन. तापवल्यावर फ्लॉजिस्टन उडून जाते, भस्म उरते. त्या भस्मात कोळसा घालून पुन्हा तापवले, की फ्लॉजिस्टनने भरलेला कोळसा आपल्याकडचे तत्त्व भस्माला देतो आणि धातू परत मिळतो.

आज आपण या सिद्धांताला सहज हसतो, पण तो मूर्खपणाचा नव्हता. गंजणे, जळणे, भट्टीत खनिजापासून धातू मिळवणे या वरवर वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टी एकाच जातीच्या आहेत, हे त्याने ओळखले होते. अडचण एवढीच होती की भस्म धातूपेक्षा जड भरे. काहीतरी निघून गेल्यावर वस्तू जड व्हावी कशी? झाँ रे या फ्रेंच वैद्याने १६३० मध्येच कथील आणि शिसे भाजून जड होतात ते हवेमुळे, असे लिहून ठेवले होते, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. रॉबर्ट बॉइलने बंद पात्रात कथील तापवले, मग पात्र उघडून वजन केले आणि अग्नीचे कण काच भेदून आत शिरले, असा निष्कर्ष काढला. वजन आधी आणि पात्र उघडणे नंतर, एवढा क्रम त्याने बदलला असता, तर पुढची शंभर वर्षे कदाचित वाचली असती. बहुतेक रसायनज्ञांना मात्र वजन ही गौण बाब वाटे. रंग, वास, चव, ज्वाळा यांवरून पदार्थ ओळखण्यात मुरलेल्या मंडळींना तराजूचा काटा थोडा इकडेतिकडे झाला, म्हणून सिद्धांत टाकून द्यावा असे वाटत नव्हते. १७७२ मध्ये दिजाँचा वकील-रसायनज्ञ गितों द मोर्व्हो याने एकामागून एक धातू काळजीपूर्वक भाजून सिद्ध केले, की वजनवाढ हा अपवाद नसून नियम आहे. त्यानंतर हा प्रश्न टाळण्याजोगा राहिला नाही. तरी गितोंने स्वतः फ्लॉजिस्टन सोडले नाही. हे तत्त्व इतके हलके आहे की ते निघून गेल्यावर पदार्थ जड भरतो, अशी काहीशी कसरत त्याने केली.

लाव्हाझिएला ही कसरत पटणे शक्यच नव्हते, आणि त्याचे कारण त्याच्या स्वभावात होते. २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमधील एका सधन वकिलाच्या घरी त्याचा जन्म झाला. पाच वर्षांचा असताना आई गेली. कोलेज माझारँ येथे त्याचे शिक्षण झाले, घराण्याच्या रीतीप्रमाणे त्याने कायद्याची पदवी घेतली, पण वकिली कधी केली नाही. विद्यार्थिदशेतच तो खगोल, भूशास्त्र आणि रसायन यांच्या व्याख्यानांना जात होता. पॅरिसचे रस्ते रात्री कसे उजळावेत या विषयावरील त्याच्या निबंधाला १७६६ मध्ये राजाकडून सुवर्णपदक मिळाले आणि १७६८ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो अकादमीचा सदस्य झाला. त्याच सुमारास त्याने केलेला एक प्रयोग पुढच्या सगळ्या कामाची पद्धत सांगून जातो. पाणी सतत उकळले की त्याची माती होते, असे तेव्हा मानले जाई, कारण भांड्याच्या तळाशी खरोखरच गाळ दिसे. लाव्हाझिएने बंद काचपात्रात शुद्ध पाणी १०१ दिवस अखंड तापवत ठेवले. आधी आणि नंतर सगळ्याचे वजन केले, पाण्याचे वेगळे, पात्राचे वेगळे. एकूण वजनात फरक नव्हता, पाण्याचेही घटले नव्हते. हलके झाले होते ते पात्र. गाळ पाण्यातून आला नव्हता, काचेतून विरघळून आला होता. इतके दिवस विस्तव सांभाळायचा आणि अखेरीस जमाखर्चाची दोन पाने जुळवून पाहायची, हे काम दुसऱ्या कोणालाही रटाळ वाटले असते.

जमाखर्च हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. अकादमीत प्रवेश झाला त्याच वर्षी, १७६८ मध्ये, लाव्हाझिएने फेर्म जेनेराल या करवसुलीच्या कंपनीत हिस्सा विकत घेतला. फ्रान्सचा राजा मीठ, तंबाखू, जकात यांवरील करांची वसुली या खासगी मक्तेदारांकडे सोपवून त्यांच्याकडून ठरलेली रक्कम आगाऊ घेत असे. वसूल झालेली जास्तीची रक्कम मक्तेदारांची. उत्तर पेशवाईतील मामलतींच्या मक्त्यांची हकिकत ज्यांनी वाचली आहे, त्यांना या व्यवस्थेबद्दल रयतेला काय वाटत असेल हे सांगायला नको. विशेषतः मीठकर लोकांच्या जिवावर येई. लाव्हाझिए स्वतः कष्टाळू आणि व्यवस्थित मक्तेदार होता. तंबाखूत होणारी भेसळ पकडणे, हिशेब तपासणे यासाठी तो प्रांतोप्रांती हिंडे. या उत्पन्नातूनच त्याने युरोपात क्वचितच कोणाकडे असतील इतके सूक्ष्म तराजू आणि उपकरणे करवून घेतली. पुढे ज्याने त्याचा जीव घेतला, त्याच पैशाने त्याची प्रयोगशाळा चालत होती.

मक्तेदारीनेच त्याला पत्नीही मिळवून दिली. सहकारी मक्तेदार झाक पोल्झ याची मुलगी मारी-आन हिच्याशी डिसेंबर १७७१ मध्ये त्याचा विवाह झाला. ती तेव्हा तेरा वर्षांची होती, तो अठ्ठावीसचा. त्या काळाच्या रीतीतही हे वय लहानच. मुलीला एका उतारवयाच्या सरदाराच्या गळ्यात बांधण्याचा दबाव टाळण्यासाठी बापाने हा मार्ग काढला होता. मूलबाळ झाले नाही. मारी-आन इंग्रजी शिकली, कारण नवऱ्याला ती भाषा येत नव्हती आणि वायूंवरचे महत्त्वाचे काम इंग्लंडमध्ये चालले होते. ती रेखाटन शिकली ते प्रख्यात चित्रकार झाक-लुई दाव्हीद याच्याकडे. प्रयोगशाळेच्या वह्यांत तिच्या हातच्या नोंदी आहेत. लाव्हाझिए पहाटे सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात ते दहा प्रयोगशाळेत असे. मधला दिवस कचेऱ्यांचा. आठवड्यातील एक अख्खा दिवस मात्र त्याने प्रयोगांसाठी राखून ठेवला होता आणि त्या दिवसाची तो वाट पाहत असे.

१७७४ मध्ये त्याने बॉइलचाच प्रयोग हाती घेतला, पण क्रम सुधारून. काचेच्या बकपात्रात मोजून कथील घातले, पात्राचे तोंड वितळवून बंद केले आणि सगळ्याचे वजन केले. मग कथील तापवले. वितळलेल्या धातूवर काळसर साय धरू लागली आणि काही वेळाने ती क्रिया आपोआप थांबली. विस्तव चालूच होता, कथीलही शिल्लक होते, तरी आणखी भस्म होईना. पात्र थंड झाल्यावर त्याने ते न उघडताच तोलले. वजनात फरक नव्हता. याचा अर्थ काच भेदून अग्नीचे कण वगैरे काही आत आले नव्हते. आता त्याने पात्राचे तोंड उघडले आणि बाहेरची हवा सूं करून आत शिरली. पुन्हा तोलले, तेव्हा जेवढे वजन वाढलेले दिसले, जवळजवळ तेवढेच कथलाचे वाढले होते. आतली हवा कमी झाली होती आणि ती धातूत गेली होती. विस्तव असूनही भस्म होणे थांबले ते हवेतला उपयोगी भाग संपल्यामुळे.

पण कोणता भाग? येथे लाव्हाझिए बराच काळ चाचपडला. शिशाचे भस्म कोळशाशिवाय परत शिसे होत नाही, आणि कोळसा घातला की बाहेर पडतो तो तेव्हा स्थिर वायू म्हणून ओळखला जाणारा वायू, आजचा कार्बन डायऑक्साइड. भस्मातून आलेले आणि कोळशाचे असे दोन्ही त्यात मिसळलेले असते. त्यामुळे धातूत शिरणारा वायू हाच असावा, अशी त्याची समजूत झाली होती. या गुंत्यातून सोडवणारा धातू एकच होता, पारा. पाऱ्याला मध्यम आचेवर बरेच दिवस ठेवले की त्याचे तांबडे भस्म होते, आणि तेच भस्म अधिक तापवले की कोळशाच्या मदतीशिवाय ते पुन्हा पारा होते. औषधविक्रेत्यांच्या दुकानात हे तांबडे भस्म विकत मिळत असे.

ही किल्ली लाव्हाझिएच्या हाती दुसऱ्यांनी दिली. पियेर बायें या फ्रेंच लष्करी औषधनिर्मात्याने १७७४ मध्येच पाऱ्याच्या भस्मावर काम केले होते. १ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली याने भिंगाने सूर्यकिरण एकवटून ते भस्म तापवले आणि बाहेर पडलेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळताना पाहिली. ऑक्टोबरमध्ये प्रीस्टली पॅरिसला आला आणि लाव्हाझिएच्या घरच्या मेजवानीत त्याने ही गोष्ट मोकळेपणाने सांगून टाकली. त्याच वेळी स्वीडनमधील कार्ल विल्हेल्म शेले या औषधनिर्मात्याने ३० सप्टेंबर १७७४ च्या पत्रात लाव्हाझिएला याच वायूचा मार्ग लिहून कळवला होता. शेलेला उत्तर गेल्याची नोंद नाही, आणि ते पत्र शतकाहून अधिक काळानंतर लाव्हाझिएच्या कागदपत्रांतून बाहेर आले. १७७५ च्या ईस्टरच्या सुमारास लाव्हाझिएने अकादमीत वाचलेल्या निबंधात प्रीस्टलीचे ऋण मानले गेले नाही. हा त्याच्या चारित्र्यावरचा डाग आहे आणि त्याचे चरित्रकार तो पुसण्याचा प्रयत्न करत नाहीत. गंमत म्हणजे त्या निबंधात धातूत शिरणारा वायू म्हणजे नेहमीचीच हवा, फक्त अधिक शुद्ध, असे तो म्हणत होता. हा वायू साध्या हवेपेक्षा श्वसनाला कितीतरी चांगला आहे, हे प्रीस्टलीने उंदरांवर प्रयोग करून दाखवल्यानंतर त्याने आपले म्हणणे सुधारले. १७७८ मध्ये छापलेल्या आवृत्तीत ते बदललेले दिसते.

वायू शोधला प्रीस्टली आणि शेले यांनी, हे निर्विवाद. प्रीस्टलीने मात्र त्याला फ्लॉजिस्टनरहित हवा असे नाव दिले आणि जुन्या चौकटीतच ठेवले. त्या वायूचे धातूच्या वजनाशी नाते जोडून चौकटच मोडण्याचे काम पॅरिसमध्ये झाले. त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग हा होता. लाव्हाझिएने लांब वाकड्या मानेच्या पात्रात ४ आउंस पारा घेतला. पात्राची मान पाऱ्याने भरलेल्या द्रोणावर पालथ्या घातलेल्या घंटापात्रात उघडत होती आणि आतली सगळी हवा मिळून ५० घनइंच होती. भट्टी १२ दिवस रात्रंदिवस पेटती ठेवली. पहिल्या दिवशी काही घडले नाही. दुसऱ्या दिवशी पाऱ्यावर तांबडे कण तरंगू लागले, चारपाच दिवस वाढत गेले, मग वाढेनासे झाले. बाराव्या दिवशी विस्तव विझवून पाहिले तेव्हा हवा ४२ ते ४३ घनइंच उरली होती. तिच्यात मेणबत्ती विझे आणि प्राणी गुदमरत. तांबडे भस्म गोळा केले, ते भरले ४५ ग्रेन. मग ते लहान पात्रात जोराने तापवले. त्यातून साडेएकेचाळीस ग्रेन पारा आणि सात ते आठ घनइंच वायू मिळाला, आणि त्या वायूत मेणबत्ती झगझगून जळाली. गमावलेली हवा आणि परत मिळालेली हवा यांचा मेळ बसला. दोन्ही वायू पुन्हा एकत्र केले तेव्हा साधी हवा तयार झाली.

हाच हिशेब इतर धातूंनाही लागू पडला. शुद्ध वायूने भरलेल्या भांड्यात लोखंडाची बारीक गुंडाळलेली तार पेटवली की ती ठिणग्यांचा वर्षाव करत जळते. १०० ग्रेन लोखंडाचे अशा रीतीने सुमारे १३५ ग्रेन भस्म होते आणि भांड्यातील वायू नेमका तेवढाच घटतो, असे लाव्हाझिए लिहितो. हवेत राहून हळूहळू चढणारा गंज आणि हे दिवाळीच्या फुलबाजीसारखे जळणे यांत वेगाखेरीज फारसा फरक नाही.

या वायूला त्याने ऑक्सिजेन हे नाव दिले. ग्रीक धातूंवरून त्याचा अर्थ होतो आम्लजनक. सर्व आम्लांचे मूळ हाच वायू, अशी त्याची खात्री होती आणि ती चुकीची ठरली. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन मुळी नसतोच, हे हम्फ्री डेव्हीच्या १८१० च्या सुमाराच्या कामातून स्पष्ट झाले. नाव मात्र टिकले. मराठीत रूढ झालेला प्राणवायू हा शब्द या चुकीपासून मुक्त आहे, हा एक योगायोगच. आणि श्वासाशी त्याचा संबंधही लाव्हाझिएनेच तोलून दाखवला होता. गणितज्ञ लाप्लासबरोबर त्याने गिनीपिग बर्फाच्या वेढ्यात ठेवून, वितळलेल्या बर्फावरून त्याच्या देहातील उष्णता मोजली आणि श्वसन हे मंद ज्वलन आहे, असे प्रतिपादन केले.

फ्लॉजिस्टनवाल्यांच्या हाती अजून एक हुकमी पत्ता होता. धातूवर आम्ल टाकले की ज्वलनशील वायू निघतो. तो धातूतून बाहेर पडणारा साक्षात फ्लॉजिस्टनच, असे ते म्हणत. लंडनमध्ये हेन्री कॅव्हेंडिशने हा वायू जाळून पाणी मिळवले होते. १७८३ मध्ये ही बातमी पॅरिसला येताच लाव्हाझिएने प्रयोग करून पाहिला आणि अर्थ लावला : पाणी हे मूलद्रव्य नाही, दोन वायूंचे संयुग आहे. उलट बाजूने पडताळा घेण्यासाठी त्याने लाल तापवलेल्या बंदुकीच्या नळीतून पाण्याची वाफ सोडली. लोखंडाने पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतला, नळी आतून भस्माने माखून जड झाली आणि दुसऱ्या टोकाने हायड्रोजन बाहेर आला. म्हणजे तो वायू धातूतला नव्हताच, पाण्यातला होता. फेब्रुवारी १७८५ मध्ये अकादमीच्या लोकांसमोर हे विघटन आणि संयोग मोठ्या प्रमाणावर करून दाखवण्यात आले आणि मग एकेक मोहरा त्याच्या बाजूला येऊ लागला. बेर्तोले आला, फूरक्रवा आला, खुद्द गितों द मोर्व्होही आला. या तिघांसह त्याने १७८७ मध्ये रसायनांच्या नामकरणाची नवी पद्धत प्रसिद्ध केली. शिशाचे भस्म आता शिशाचे ऑक्साइड झाले. १७८९ च्या त्याच्या पाठ्यग्रंथात ३३ मूलद्रव्यांची यादी आहे. तिच्यात प्रकाश आणि उष्णताही आहेत, हे नजरेआड करू नये. ग्रंथातील उपकरणांची तेरा चित्रे मारी-आनने कोरली होती. आयरिश रसायनज्ञ कर्वन याने फ्लॉजिस्टनच्या बाजूने लिहिलेल्या पुस्तकाचे फ्रेंच भाषांतरही तिने केले, आणि पॅरिसच्या मंडळींनी त्याला प्रकरणागणिक खंडन जोडून ते छापले.

१७७५ पासून लाव्हाझिए सरकारी दारूगोळा खात्याचा प्रमुख प्रशासक होता आणि शस्त्रागाराच्या आवारातच त्याचे घर आणि प्रयोगशाळा होती. सोऱ्याच्या उत्पादनाची घडी त्याने बसवली. निकृष्ट म्हणून हिणवली जाणारी फ्रेंच बंदुकीची दारू युरोपात उत्तम मानली जाऊ लागली, आणि ब्रिटनशी लढणाऱ्या अमेरिकी वसाहतींनाही ती पोहोचली. त्याचा मित्र द्यु पाँ याचा मुलगा इरेने याने एसोन येथील कारखान्यात त्याच्या देखरेखीखाली हे काम शिकून घेतले. याच तरुणाने पुढे १८०२ मध्ये अमेरिकेत डेलावेअरमध्ये ब्रँडिवाइन नदीकाठी दारूची गिरणी उभी केली. आज ड्यूपाँट या नावाने जगाला ठाऊक असलेल्या कंपनीची ती सुरुवात होती.

पॅरिसच्या सामान्य माणसाला यातले काही माहीत नव्हते. त्याला दिसत होती ती भिंत. जकात चुकवून शहरात येणारा माल अडवण्यासाठी पॅरिसभोवती भिंत बांधावी, अशी सूचना लाव्हाझिएने केली होती आणि १७८० च्या दशकात ती उभी राहिली. झाँ-पोल मारा या वैद्याने पूर्वी अग्नीवर एक प्रबंध लिहिला होता आणि लाव्हाझिएने अकादमीत तो मोडीत काढला होता. हाच मारा आता क्रांतीचा सर्वांत जहाल पत्रकार झाला. जानेवारी १७९१ मध्ये त्याने लाव्हाझिएवर जी सरबत्ती केली, तिच्यात भिंत बांधून पॅरिसची हवा कोंडल्याचा आरोपही होता. हवेचे घटक ज्याने जगाला मोजून दाखवले, त्याच्यावर हवा अडवल्याचा ठपका यावा, हा विनोद त्या दिवसांत कोणाला सुचला नसावा.

लाव्हाझिए क्रांतीचा शत्रू नव्हता. करव्यवस्था सुधारावी, मापे एकसारखी व्हावीत, असे त्याला मनापासून वाटे. नव्या मेट्रिक मापांच्या कामात तो गुंतला होता. पण १७९१ मध्ये मक्ता रद्द झाला, ऑगस्ट १७९३ मध्ये अकादमीच बंद करण्यात आली आणि २४ नोव्हेंबर १७९३ रोजी माजी मक्तेदारांच्या अटकेचा हुकूम निघाला. कारण दिले गेले ते असे, की त्यांनी आपले हिशेब अजून सादर केलेले नाहीत. काही दिवस लपून राहिल्यानंतर २८ तारखेला लाव्हाझिए सासऱ्यासह स्वतः हजर झाला. हिशेब चोख असेल तर भय नाही, असा त्याचा विश्वास दिसतो. कैदेतील मक्तेदारांना त्यांच्या जुन्या कचेरीतच डांबून हिशेब पुरे करायला लावले, आणि त्यांनी ते पुरे केले. बोर्दा आणि आयुई या सहकाऱ्यांनी मापांच्या कामासाठी लाव्हाझिएला सोडावे, असा अर्ज डिसेंबरमध्ये केला. उत्तरादाखल त्याला, बोर्दाला आणि लाप्लासलाही त्या आयोगातूनच काढून टाकण्यात आले. गितों आणि फूरक्रवा हे दोघे त्या वेळी राष्ट्रीय सभेचे सदस्य होते. त्यांचा आवाज उघडपणे उठला नाही.

८ मे १७९४ रोजी सकाळी खटला उभा राहिला. तंबाखूत पाणी मिसळून तिचे वजन वाढवले आणि जनतेला लुबाडले, हा आरोपांतला एक होता. भेसळ पकडण्यासाठी वर्षानुवर्षे हिंडलेल्या माणसावर हा आरोप. आर्थिक गैरव्यवहार हा क्रांतिन्यायालयाच्या अखत्यारीतला गुन्हा नव्हता, म्हणून त्याला राष्ट्रशत्रूंशी संगनमताचे रूप देण्यात आले. प्रजासत्ताकाला विद्वानांची गरज नाही असे न्यायाधीश म्हणाल्याची कथा पुढे जगभर पसरली, पण समकालीन नोंदींत तिला आधार नाही; नंतरच्या भाषणांतून ती रुजली. त्याच दिवशी अठ्ठावीस मक्तेदारांना गिलोटिनखाली नेण्यात आले. तिसरे डोके सासऱ्याचे पडले, चौथे लाव्हाझिएचे. तो पन्नास वर्षांचा होता. सर्वांना एकाच सामाईक खड्ड्यात पुरले गेले. जेमतेम अडीच महिन्यांनी रोबेस्पिएरचा पाडाव झाला.

त्या मे महिन्यात जोसेफ प्रीस्टली अटलांटिकवर जहाजात होता. बर्मिंगहॅममध्ये फ्रेंच क्रांतीचा समर्थक म्हणून जमावाने १७९१ मध्येच त्याचे घर आणि प्रयोगशाळा जाळली होती, आणि अखेर त्याने देश सोडला. ४ जून १७९४ रोजी तो न्यूयॉर्कला उतरला. पेनसिल्व्हेनियातील नॉर्थम्बरलँड येथे त्याने नवी प्रयोगशाळा थाटली आणि १८०४ मध्ये मरेपर्यंत फ्लॉजिस्टनचा पक्ष सोडला नाही. त्याच्या शोधाच्या शताब्दीला, १८७४ मध्ये, अमेरिकी रसायनज्ञ त्या गावी जमले आणि त्या मेळाव्यातूनच दोन वर्षांनी अमेरिकन केमिकल सोसायटीची स्थापना झाली.

मारी-आनने एका दिवसात वडील आणि नवरा दोघे गमावले. तिलाही काही आठवडे तुरुंगात काढावे लागले. जप्त झालेली मालमत्ता १७९५ मध्ये परत मिळाल्यावर तिने नवऱ्याचे राहिलेले निबंध दोन खंडांत छापून घेतले आणि विद्वानांना स्वतः वाटले. १८०५ मध्ये तिने काउंट रम्फर्डशी लग्न केले. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या या गृहस्थाने तोफेच्या धातूला भोक पाडताना निपजणारी उष्णता मोजून, उष्णता हे द्रव्य नाही असे दाखवले होते आणि लाव्हाझिएच्या यादीतील एका मूलद्रव्याच्या मुळावर घाव घातला होता. लग्न चार वर्षे टिकले. लाव्हाझिए हे नाव तिने या लग्नातही सोडले नाही. १८३६ मध्ये ती वारली.

दाव्हीदने १७८८ मध्ये काढलेले दोघांचे मोठे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. लाव्हाझिए टेबलाशी लिहीत बसला आहे, समोर काचेची आणि धातूची उपकरणे आहेत, मारी-आन त्याच्या खांद्यावर हात टेकून उभी आहे. २०२१ मध्ये तेथील तज्ज्ञांनी चित्राच्या तळातले थर तपासले. त्यासाठी वापरलेल्या क्ष-किरण तंत्राने रंगांतील शिसे, पारा अशा धातूंचा ठाव लागतो. वरच्या चित्राखाली आधीचे चित्र निघाले. त्यात मारी-आनच्या डोक्यावर पिसे लावलेली भव्य टोपी होती, टेबलाला सोनेरी नक्षी होती आणि एकही उपकरण नव्हते.